घरी न आलेला काटा

वर्धा, ८ डिसेंबर १९५७

बाबा, एकोणीस वर्षांत तुम्हांला एक ओळ लिहिली नाही. रोजनिशी रोज भरत आले, पण तुमच्याकडे वळायचं टाळलं; माफ करा. आज आईने तुमचं दोन बटणांचं मनगटी घड्याळ देव्हाऱ्यात ठेवलं, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या सुट्टीची सकाळ आठवते. मद्रासकडच्या रेल्वे-गार्डाने गाडीवरून आणून दिलेल्या कॉफीच्या बिया तुम्ही कढईत भाजता आहात, स्वयंपाकघरात धूर झाला आहे. पूड पितळी गाळणीत भरून उकळतं पाणी ओतता आणि मला म्हणता, "दाब." मी वरचं बटण दाबते, लांब काटा धावू लागतो. "एवढ्यात तं भात शिजते," आई म्हणते. "भाताले घाई चालते, कॉफीले नाई," तुम्ही म्हणता. वेळ भरली की वरच्याच बटणाने काटा थांबवायचा, मग खालच्याने शून्यावर न्यायचा. एकदा मी विसरले. तुम्ही भरलेला कप खाली ठेवलात. "माय, काटा घरी आन पह्यले. त्याले असा बाहेर उभा ठेवू नये." मी बटण दाबेपर्यंत तुम्ही घोट घेतला नाहीत.

तुमच्या शेवटच्या तापाच्या सातव्या दिवशी, सकाळीच, तुम्ही मनगट पुढे केलंत. "मोज. पुरा मिनिट." मी नागपूरला कॉलेजात शिकून आलेली, मला मोजता येणार यात तुम्हांला शंका नव्हती. पण नाडी पळत होती, मध्येच बुडत होती. एक्केचाळीस सेकंदांवर आकडा हातून सुटला आणि घाबरून मी काटा थांबवला. "किती, माय?" मी म्हटलं, "बहात्तर." "मंग डॉक्टरले काऊन बोलवता? कॉफी कर." मी कॉफी केली. तुम्ही दोन घोट घेतलेत. दिवेलागणीला तुम्ही गेलात.

डॉक्टर आला असता तर तुम्ही वाचला असतात, असं म्हणण्याइतकं मला ठाऊक नाही. हे ठाऊक नसणं मला सोयीचं तर नाही ना, असं रोजनिशीत कितीदा विचारलं आहे. अजून सकाळी कॉफी गळू लागली की माझं बोट माझ्याच मनगटावर जातं, आणि मागून विचारणा होते, "किती, माय?"

काटा अजून एक्केचाळीसवर आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्यायचा जीव गेला अन् काटा थांबला." आज शेजारच्या काकूंनी त्याला हात जोडले. मीही शेजारी उभी राहून जोडले. तो तुमच्या जिवाने नाही, माझ्या अंगठ्याने थांबला, हे मी आईला कधी सांगितलं नाही. हे पान तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच कदाचित इथे एवढं खरं लिहिता आलं.

उद्या: आईसमोर काटा घरी आणणे.