मामीच्या गणपतीचा रुमाल

रोहा, माघी चतुर्थीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

तीर्थरूप हैबतमामांच्या पायांशी, सकाळी पेणहून निघालेल्या आणि अजून कोलाडला न पोचलेल्या भाच्याचा, म्हणजे रितेशचा, साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? गिरजामामीची तब्येत कशी आहे? (हे रीत म्हणून विचारत नाही. पुढचं वाचताना ती आतल्या खोलीत असलेली बरी.) फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा फोन मामीच उचलते, म्हणून ही चिठ्ठी. आणणारा निलेश टेम्पो चालवतो, माणूस भला आहे, त्याला चहा द्या. पण तो काय सांगेल त्याकडे लक्ष देऊ नका, मी लिहितोय तसंच घडलंय.

मामीच्या ऑपरेशनच्या वेळी बोललेला हा नवसाचा गणपती, उद्या सकाळी पाटावर बसायलाच हवा, हे मला तुम्ही सांगायची गरज नव्हती. तरी तुम्ही रोज सांगितलंत. मामी आमच्या कारखान्यात येऊन स्वतः मूर्ती निवडून गेली, हातभर उंचीची. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "डोळे तूच कर रे. नि मिटल्यासारखे नको करू. मला रात्रीची झोप नाय लागत, घरात कोणतरी जागं असलेलं बरं." मामा, मी आजवर शेकडो गणपतींचे दागिने रंगवले, पण डोळ्यांची आखणी मालक दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. ही मी त्यांच्या हातापाया पडून मागून घेतली. श्वास धरून डोळे आखले आणि कारखान्याबाहेर येऊन रडलो. हे मामीला सांगू नका.

आज दुपारी मूर्ती मांडीवर घेऊन गाडीने रोह्याला उतरलो. तिच्या तोंडावर रीतीप्रमाणे रुमाल बांधलेला, घरी पोचेपर्यंत सोडायचा नाही. एस.टी. पकडून सरळ तुमच्याकडे यायचं, हेच डोक्यात होतं. तेवढ्यात स्टेशनबाहेर बॅनर दिसला: आज दुपारी, नदीजवळच्या मैदानात, पोपटबुवांचं भजन. आता पोपटबुवा म्हणजे माझं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. पॉलिश पेपर घासताना माझ्या कानात दिवसभर तेच असतात (मालक म्हणतात, बुवा सोडून दुसरं काही ऐकलंस तर हात जरा लवकर चालेल). समोर बसून मात्र त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, मांडवाच्या कडेला उभं राहून एक अभंग ऐकू, मूर्ती काही हातातून सोडायची नाही.

मांडवाच्या दारातच बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता, हर्षद त्याचं नाव, धावत आला. "पेणवरनं ना? कवापास्नं वाट बघतोय तुमची." मी म्हटलं, "व्हय." आता पेणहून तर आलोच होतो, खोटं कशाला बोलू? त्याने दोन्ही हातांनी मूर्ती घेतली आणि थेट स्टेजवरच्या चौरंगावर ठेवली. तेव्हा मला उमगलं की मंडळाचा गणपती (तो इथे आदल्या दिवशीच बसतो) पेणहून येणार होता आणि अजून आला नव्हता, आणि हर्षदने तो आधी पाहिलेलाच नव्हता. मी तोंड उघडणार, तोच हर्षदने मला पहिल्या रांगेत, बुवांच्या पेटीसमोर, गादीच्या खुर्चीवर बसवलं. मामा, त्या खुर्चीवरून बुवांच्या पेटीच्या पट्ट्या दिसत होत्या. मी तोंड मिटलं. विचार केला, रुमाल बांधलेला आहे तोवर ते नुसतं सामान आहे. एक अभंग होऊ दे, मग उठून उचलतो.

बुवा आले, पेटी पुढ्यात ओढली, टाळकरी सावरून बसले. आणि बुवांची नजर चौरंगावर गेली. म्हणाले, "देवाचं तोंड झाकलेलं असताना मी तोंड उघडणार नाय." उठून "बुवा, थांबा" म्हणालो, तर मागून चारपाच बायका ओरडल्या, "खाली बस रे, दिसत नाय." (त्यातल्या एकीने माझा सदरा धरून मला खाली ओढलं, नाव तिचं पुतळी, नंतर तिनेच पाणी दिलं.) तोवर बुवांनी स्वतःच्या हाताने रुमाल सोडला होता.

आणि ते मूर्तीकडे बघतच राहिले. मला वाटलं, आखणी चुकली. मग बुवा हळूच टाळकऱ्यांना म्हणाले, "सांभाळून वाजवा रे. हा ऐकतोय." आणि गायला लागले. मामा, मला राग येत होता, लाज वाटत होती, मंडळाचे गुरुजी अक्षता घेऊन पुढे सरकताना दिसत होते आणि मला उठता येत नव्हतं. असं गाणं मी कानात घालून कधी ऐकलंच नव्हतं. भानावर आलो तेव्हा मांडव आरती म्हणत उभा होता. मीही टाळ्या वाजवत होतो.

आरती संपते न संपते तोच मंडळाचे अध्यक्ष हायवेवर अडकलेला त्यांचा खरा गणपती टेम्पोतून घेऊन आले. त्यांनी चौरंगाकडे पाहिलं, मग हर्षदकडे, मग हर्षदने माझ्याकडे. चारही बाजूंनी माणसं जमली. मी हात जोडून सगळं सांगितलं, मामीच्या ऑपरेशनसकट, आणि मूर्ती परत मागितली. गुरुजी म्हणाले, अक्षता पडल्या, आरती झाली, आता विसर्जनापर्यंत हा जागचा हलायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, मग आमच्या गणपतीचं काय करू? माझ्या डोळ्यांसमोर तुमचा रिकामा पाट आला आणि त्याच्यासमोर बसलेली मामी.

शेवटी बुवाच म्हणाले, "बसला तो बसला. टेम्पोतला आहे तो ह्याच्या मामीला द्या." सगळ्यांनी मान डोलावली. मी टेम्पोत चढून रुमाल वर करून पाहिलं, तर डोळे अर्धे मिटलेले. छान होते, पण झोपलेले. मामीला हे कसं देऊ? माझ्या पिशवीत ब्रश असतोच. सोबत रंग होता तेवढा बाहेर काढला आणि टेम्पोतच पुन्हा आखणी केली. उजेड कमी झाला होता. मोबाइलची बत्ती धरून शेजारी कोण उभं होतं, तर बुवा. माझा हात हलू नये म्हणून बसल्या गळ्याने अगदी हळू गुणगुणत होते. हात हलला नाही.

मामीला माझा नमस्कार सांगा. केव्हा सांगायचा ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
रितेश

ता. क. गणपती निलेशच्या टेम्पोतच आहे, टेम्पो मुद्दाम तुमच्या नाक्यावर थांबवायला सांगितलाय. वर एक लिहायचं राहिलं. हा गणपती सार्वजनिक आहे, म्हणजे माझ्या छातीला लागतो, आणि प्रभावळ अंगापेक्षा रुंद. तुमच्या नव्या सागवानी चौकटीतून तो जाणार नाही, मी मनातल्या मनात आडवा-तिडवा करून पाहिला. सकाळी कृष्णा सुताराला बोलावून चौकट काढून ठेवावी, एवढीच नम्र विनंती.

ता. क. २. मी स्वतः टेम्पोतून का आलो नाही, असं मनात येईल. मंडळ सोडत नाही, असं लिहिणार होतो. पण बुवांचा उत्तरार्ध आत्ता सुरू होतोय आणि खुर्ची तीच आहे. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने येतो, चौकट धरायला.

ता. क. ३. मामीचा डोळा लागला असेल तर आज उठवू नका. निलेश टेम्पोतच झोपणार आहे. मागे बसलेला जागा आहे.