पीपलपुढचा एस

सोमवार, २ डिसेंबर
आठवीला आज ‘पीपल’ शिकवलं. पर्सन एक, पीपल अनेक. हर्षाली म्हणाली, “बाई, पीपल म्हणजे पिंपळ ना? ठाण्याला हिंदीत सगळे तेच म्हणतात.” वर्ग हसला. मीही हसले. दिवसभरात तेवढंच हसणं.
मग ठणकावून सांगितलं — पीपल आधीच अनेकवचनी. त्याला एस लावायचा नाही. कध्धीच नाही!

मंगळवार, ३ डिसेंबर
घरमालकीण जानकीबाईंनी जिन्यात गाठलं. “तुमच्या लोकांत रोज सुकट लागते का हो? वास वर येतो.”
तुमच्या लोकांत! आणि दिवाळीत माझ्या गावी, दाभोशाला गेले तर चुलती म्हणाली, “तू आता साहेबलोकांतली.”
मग माझे लोक कोण? आई-बाबा दोघंही गेले. भावेश वसईला. भाऊ आहे, सणाला फोन करतो. मोखाड्यात सहा वर्षं झाली, पण चहाला कोणी बोलावत नाही. मीही नाही बोलवत.

गुरुवार, ५ डिसेंबर
निबंध तपासले — ‘माझं गाव’, इंग्रजीत. जव्हारच्या स्पर्धेला शाळेतून एकच नाव पाठवायचं. राहीचा निबंध सगळ्यात जिवंत, पण दोनदा लिहिलंय ‘टू पीपल्स’. गावात दोन पीपल्स राहतात म्हणे! दोन एस, दोन गुण वजा. एका गुणाने हर्षाली पुढे. तिचं नाव पाठवलं.
वही घेताना राही हळूच म्हणाली, “बाई, आमच्याकडं वारली हायत आन् कोकणा हायत. दोन जमाती हायत ना? एक कसं लिवू?”
“नियम म्हणजे नियम.”
वही घेऊन जागेवर गेली.

शनिवार, ७ डिसेंबर
राही कालही नाही, आजही नाही.

सोमवार, ९ डिसेंबर
राहीच्या पाड्यावरची गोदा म्हणाली, “ती वयनीसंगं वीटभट्टीवर चाललीय, बाळ सांभाळायला. म्हणते, मला इंग्लिश येतच नाय.”
मधल्या सुट्टीत कपाटातला जाडा शब्दकोश काढला. पीपल — माणसं, लोक. त्याखाली दुसरा अर्थ — एक भाषा, एक चालरीत असलेला समाज. असे समाज एकाहून जास्त असतील तर — पीपल्स.
अकरा वर्षं शिकवतेय मी! पोरीला कळलं होतं आणि मी लाल पेनाने खोडलं.
मुख्याध्यापक भास्कर सरांकडे गेले. “नाव गेलंय मॅडम, आता काही होत नाही. आणि मुलांसमोर चुकलं वगैरे म्हणू नका. वचक जातो.”

मंगळवार, १० डिसेंबर
रजा टाकली. जीपने फाट्यापर्यंत, पुढे पाऊण तास चालत. राहीची आई कोंडी अंगणात भात पाखडत होती. सूप थांबलं नाही.
“तिला येत नाय तर कशाला बसवायची, बाई?”
“तिला येतं. मला येत नव्हतं.”
मग सूप थांबलं. राहीला वही आणायला सांगितली. दोन्ही लाल फुल्या खोडल्या, गुण वाढवले, सही केली.
“म्हंजी पोर बरोबर?”
“बरोबर.”
“मग ती जव्हारला जाईल?”
“नाही. ते नाव गेलं. ते मला फिरवता येत नाही.”
राही रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
कोंडीने नाचणीची भाकर पुढे केली. “तू कुनाची?”
“दाभोशाची. कोकणा.”
“आमी वारली. खा.”
निघाले तेव्हा राही दारात नव्हती.

गुरुवार, १२ डिसेंबर
वर्गात सांगून टाकलं, मी चुकले होते. कोणी हसलं नाही. राहीची जागा रिकामीच.

सोमवार, १६ डिसेंबर
राही आली! शेवटच्या बाकावर. माझ्याशी एक शब्द नाही. पण आली!

बुधवार, १८ डिसेंबर
ताप. शाळेत गेले नाही. जानकीबाई दाराबाहेरूनच, “साथीचं नाही ना काही?” भावेशला फोन लावला. “ताई, सुट्टी नाही गं मिळत. गोळी घे.” घेतली. छातीत दुखतंय.

रविवार, २२ डिसेंबर
सरकारी दवाखान्यात. न्यूमोनिया. आज कुठे पेन धरता येतंय.
दोन दिवस मी शाळेत नाही म्हणून शुक्रवारी सकाळी राही खोलीवर आली. मला बघितलं आणि तशीच जीप पकडून आईला घेऊन आली. दोघींनी मला उचलून इथे आणलं. यातलं मला फारसं आठवत नाही. कोंडी तेव्हापासून खाटेशेजारी खालीच बसलेली आहे. तिचं अर्धं भात अजून अंगणात पडलंय.
“जा आता घरी,” म्हटलं.
“गप पड,” म्हणाली.

सोमवार, २३ डिसेंबर
घरी सोडतायत. नर्स फॉर्म घेऊन आली. “सोबत नातेवाईक कोण?” मी ‘कोणी नाही’ म्हणणार, तेवढ्यात कोंडी उठली.
“मी. बहीण.”
“सख्खी?”
“लिव ना!”
नर्सने लिहिलं.