दुलालच्या पाकिटातले चार कंडेन्सर

मंटू,

सोमवारी हॉस्पिटलच्या दारात तू "दीदी गेली" म्हणालास आणि फुटलेला कंडेन्सर दुलालकडचाच असं धरून आपण दोघं तिथूनच त्याच्या सुट्या पार्टच्या दुकानावर गेलो. तू त्याचा जबडा फोडलास. तो खाली पडल्यावर मी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. "दादा, आधी माझा माल तपासून तरी बघा," असं तो पहिल्यापासून म्हणत होता, तरी घातल्या.

आज त्याच्याकडून आणलेलं पाकीट उघडलं. चार कंडेन्सर घेतले होते, चारही आतच आहेत. एकेकाला बल्ब जोडून पुरे साडेतीनशे व्होल्ट दिले. चारही वेळा बल्ब क्षणभर पेटून विझला; खराब असता तर पेटलेलाच राहिला असता. माल चांगला आहे.

जो फुटून तुझ्या दीदीच्या, माझ्या लतिकाच्या गळ्यात पत्रा घुसला, तो कंडेन्सर माझ्या जुन्या डब्यातला होता. दुर्गापूजेच्या मंडपाचा अ‍ॅम्प्लिफायर पंचमीच्या आत द्यायचा होता, म्हणून मी फक्त मीटरचा काटा हलून परत आलेला पाहिला, पुरे व्होल्ट दिलेच नाहीत, आणि तो जोडून टाकला. "बल्बवर बघितलात का?" तिने विचारलं होतं. "तू बटण दाब, मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

उद्या दुलालचे हात तोडणार म्हणतोस. जाऊ नकोस. तोडायचेच तर माझे तोड. मी पोलीस ठाण्यात जातोय, तिथे सापडेन. भात झाकून ठेवलाय, जेवून घे.

दुलाल अजून शुद्धीवर आलेला नाही. त्याचा दोष नव्हता, हे त्याच्या बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.

निरापद