म्हणं हा धंदाच न्हाई

पाटोदा, मंगळवार, सांज

डोकं लई तापलंय. आमचा भांगेच्या बियांच्या तेलाचा घाणा पुण्याची कंपनी घेणार, म्हणून त्यांचा हिशेबनीस आलता. म्हणतो, "मावशी, सगळी किंमत भांगेच्या बियांच्या सरकारी लायसन्सची आहे. हिशेबात याला धंदा म्हणता येत नाही. नुसतं लायसन्स घेतलं असं लिहू. घाण्यावरच्या चार बायका आम्हाला नकोत."

धंदा न्हाई? मंग ह्या चौघी इतकी वर्सं घाण्यावर काय फुगड्या खेळत होत्या?

म्या म्हणलं, "बाबा, ते लायसन पिळून दाव, बघू किती तेल निघतंय."

चौघी फिदीफिदी हसल्या. त्यो न्हाई हसला. सहीचा कागद पुढं सरकवला, म्या माघारी ढकलला. पैसे मलाबी पायजेत, पर खोट्यावर सही कावून करू? धंदा न्हाई म्हणं!

चौघीला सांगितलंय, उद्या टायमावर या.