केर, काळ आणि साडेतेरा हजार किलोमीटर

अंबड, मंगळवार, दुपारचे दोन

तीर्थस्वरूप दिगंबरराव यांच्या चरणी भगिनीपती नरहर याचे साष्टांग प्रणिपात. परभणीत आपली रक्तशर्करा पथ्यात आणि वहिनींचे गुडघे आज्ञेत असावेत.

फोन न करता पत्र लिहितो, कारण फोन मोकळा ठेवणे प्राप्त आहे. आमची कन्या चि. कल्याणी हिच्या बाळंतपणासाठी सॅन फ्रान्सिस्कोस निघालेल्या आपल्या भगिनी या क्षणी कुठल्यातरी महासागरावर आहेत. (कोणत्या, ते नकाशात पाहिले, मग नकाशा मिटून ठेवला.) आपल्या शौनकने त्यांना मुंबईच्या विमानतळावर सुखरूप सोडले. पुढील घोटाळा सर्वस्वी माझा.

निघताना रमाबाईंची एकच आज्ञा होती : मी पोहोचेपर्यंत घरात झाडू फिरवू नका. गेलेल्या माणसामागे केर काढू नये, हा आपल्याच मातोश्रींचा दंडक. मी तो शिरोधार्य मानला. तिकिटावर प्रस्थान पहाटे दोन, आगमन त्याच दिनांकी पहाटे साडेपाच. न्यायालयात तारखा देण्यात सव्वीस वर्षे घालवलेल्या मनुष्याने वजाबाकी केली : साडेतीन तास. पावणेसहास मी कृतार्थ अंतःकरणाने तिन्ही खोल्या झाडल्या आणि सातला केर घंटागाडीस अर्पण केला.

फोन मात्र येईना. सामान मिळण्यास विलंब होत असावा, अशी मी स्वतःची समजूत घालत असता शेजारचा संपत (मोंढ्यात वजनकाटा सांभाळतो, त्यामुळे कशावरही विश्वास ठेवत नाही) वर्तमानपत्र न्यायला आला.

"काका, साडेतेरा हजार किलोमीटर साडेतीन घंट्यांत? आपल्या एसटीला जालन्याला जायला घंटा लागून राह्यला. काकू काय तोफंतून गेल्या का?" मग फोनवर पाहून म्हणाला, "तिथलं घड्याळ साडेबारा घंटे मागं हाय. सोळा घंट्यांचं इमान हाय हे. संध्याकाळी सहाला उतरतील."

म्हणजे आपली भगिनी आकाशात असता मी तिच्यामागे केर काढला होता. माझा शकुनांवर विश्वास नाही. तरीही मी सुपली घेऊन, पंचा सावरीत, दोन गल्ल्या धावलो. घंटागाडीवरील मच्छिंद्रने आधी ओला की सुका ते विचारले. "काका, कचरा न्यायची स्कीम हाय. वापस द्यायची न्हाई," असे म्हणून त्याने सुपली भरून दिली. त्यात कांद्याची टरफले निघाली. आमच्याकडे चातुर्मासात कांदा नसतो. तरी ती तिन्ही खोल्यांत समप्रमाणात पसरली. तेव्हापासून मी दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालतो आहे. चहा तीनदा केला, दोनदा विसरलो. आता वाजले सव्वादोन; मघाशीही सव्वादोनच वाजले होते.

आपला,
नरहर

ता. क. : सहा चाळीसला फोन आला. सुखरूप आहेत. पहिला प्रश्न : "केर काढला नाहीत ना?" मी म्हणालो, घरात केर आहे. हे विधान शपथेवरही टिकेल. आपण मौन पाळावे.

ता. क. २ : मूळ विषय राहिलाच. दिवाळीत आपल्यादेखत मी म्हणालो होतो, की विमानात तासन्‌तास एका खुर्चीत बसणे मज अशक्य, सबब मी येणार नाही. ते वाक्य मागे घेणे मला शोभत नाही. तरी आपण रमाबाईंस, आपल्याच मनात आले असे दाखवून, नरहरलाही बोलावून घे असे सुचवावे. पारपत्राचा अर्ज मी आज दुपारी भरला. सोळा तास खुर्चीत बसणे कठीण असेल. खुर्चीबाहेर ते त्याहून कठीण जातात.