नेस्पोलाला मारलेली हाक

साल्झबुर्ग,
१४ नोव्हेंबर

प्रिय दुच्चो,

तू पाठवलेली रानडुकराच्या मांसाची सलामी पोचली. आईचा गुडघा सुधारतोय हे वाचून हायसं वाटलं. इथे थंडी पडली आहे. सलामी शेजारच्या कुत्र्याला घातली.

तू लिहितोस, "पक्षीच तो. किती दिवस तोंड पाडून बसशील?"

नेस्पोलाला मी अंड्यातून निघाल्यापासून वाढवलं. रोज पिवळे कपडे घालून, खिमा स्वतःच्या थुंकीनं ओला करून भरवलं. या टकल्या आयबिस पक्ष्यांना हिवाळ्यात दक्षिणेची वाट दाखवायला आईबाप उरलेले नाहीत, म्हणून पिटुकल्या विमानात बसून मी इटलीत आपल्या तोस्कानापर्यंत हाका मारत आले आणि ती मागोमाग आली. मोठी झाल्यावर ती आल्प्स ओलांडून एकटी इथे परतली. या शरदात आपली दोन पिल्लं घेऊन निघाली, विमानाशिवाय. आम्ही इथले सगळे आनंदानं वेड्यासारखे रडलो.

तिच्यावर बंदूक कुणी चालवली ते तू पाहिलं नाहीस म्हणे. पण तिचा ठावठिकाणा कळवणारं पाठीवरचं यंत्र तुझ्या ऑलिव्हच्या बागेत थांबलं. अनोळखी माणूस दिसला की ती उंच निघून जायची. पिवळा रंग दिसला आणि ती हाक ऐकू आली, तरच उतरायची.

गेल्या हिवाळ्यात तू माझ्या मागे लागला होतास, "मलाही शिकव ना गं, तुझ्या टकल्या पोरींना कसं बोलावतेस ते!" मी शिकवलं. माझं पिवळं जॅकेटही तुझ्याकडेच राहिलं.

परवा आई फोनवर कौतुकानं सांगत होती, "अगं, रविवारी दुच्चोनं शिकारी मित्रांना काय हसवलं! तुझं पिवळं जॅकेट घालून असा ओरडला, की तो काळा पक्षी थेट त्याच्या पायाशी!" पुढचं तिला माहीत नाही. मला आहे. ती विश्वासानं उतरली, तुम्ही हसलात, आणि तुमच्यातल्या कुणीतरी बंदूक उचलली. मग सगळे मिळून जेवायलाही बसला असाल. मला तुझी किळस येते, दुच्चो. गोळी घालणाऱ्यापेक्षा जास्त येते.

वनरक्षक गुरुवारी तुझ्याकडे येतील. मी त्यांना सगळं सांगितलं आहे. गोळी घालणाऱ्याचं नाव तुझ्या तोंडून येऊ दे, आईला त्यात ओढू नकोस.

पिल्लं अजून तुझ्या बागेवर घिरट्या घालताहेत. वसंतात त्यांना परत आणणारी आता नाही. निदान ते जॅकेट घालून बाहेर पडू नकोस. त्यांची आई त्या रंगाकडे कशी उतरली, ते त्यांनी पाहिलं आहे; तीही तशीच उतरतील.

तुला ती हाक शिकवणारी,
ओर्तेन्सिया