टाचणीची दोन भोकं

बाई, तुमच्या ट्रंकेतली शेवटची कॉमिक्स परवा गोंडपिपरीला पोचती केली. हे सांगायला तुम्ही आता नाही, आणि असत्या तरी तुमच्यासमोर तोंड उघडलं असतं की नाही, कुणास ठाऊक. म्हणून लिहून राह्यली. पाहा, आलं ना पहिल्याच दमात. वर्गात असं लिहिलं असतं तर तुम्ही पट्टी टेबलावर आपटून ‘लिहीत आहे’ असं पाच वेळा म्हणायला लावलं असतं, आणि मधल्या सुटीत स्वतःच शिपायाला ‘पानी आनून राह्यला का नाई बाप्पा’ म्हणून ओरडल्या असत्या. आम्ही सगळं ऐकायचो. तुम्हाला वाटायचं, पोरांना काय कळते.

आपल्या नागभीडला गाडी बदलायची म्हणजे माणसांना तासन्‌तास बसावं लागायचं, आणि बसलेल्या माणसाला काहीतरी वाचायला लागायचंच. फलाटावरच्या स्टॉलवर दोरीला कॉमिक्स टांगलेली असत, हिंदी जास्त, मराठी थोडी. तिथून ती गावात यायची, गावातून शाळेत आणि शाळेत भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात. तुम्ही बाकांमधून चालायच्या तेव्हा चपलेचा आवाज येत नसे, हा तुमचा मोठा अन्याय होता. एकदम मागून हात यायचा. ‘जप्त.’ एवढाच शब्द. मग ती कॉमिक्स तुमच्या लोखंडी अलमारीत जायची आणि तुम्ही म्हणायच्या, ‘वर्ष सरलं का नेजो.’ मागायला जाणार कोण? वाघाच्या तोंडात हात घालण्यापैकीच ते. माझ्याच तीन गेल्या त्या अलमारीत. पण मला आज ज्याच्याबद्दल सांगायचंय तो खिडकीपाशी बसायचा, सातवी ब. खेड्यावरून यायचा, धानाच्या बांधावरची माती पायाला तशीच. त्याच्या मोठ्या भावानं त्याला एक जासुसी कॉमिक्स आणून दिली होती. जंगलातल्या डाक बंगल्यात साहेबाचा खून होतो आणि बंगल्यातल्या सहा जणांपैकी खुनी कोण, ते शेवटाला कळतं. तुमचा हात आला तेव्हा त्याची चार पानं उरली होती. दुसरा कोणी गप्प बसला असता. हा उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, चारच पानं राह्यली. खुनी कोन थे तं पाहू द्या.’ सगळा वर्ग फिसकन हसला. तुमच्याही ओठाचा कोपरा हलला होता, मी पहिल्या बाकावर होते, मला दिसला. पण तुम्ही म्हणालात, ‘खुनी कुठी पळून जात नाई. वर्ष सरलं का नेजो.’ वर्ष सरायच्या आधीच त्याच्या घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं, गोंडपिपरीकडं मामाच्या गावी, आणि खुनी तुमच्या अलमारीत राहिला.

माझं पुढचं सगळं तुमच्यामुळं झालं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते. दहावीनंतर घरात ‘अब बस’ असं चाललं होतं. तेव्हा तुमची सायकल एका आठवड्यात तीनदा पंक्चर झाली. तीनही वेळा तुम्ही अब्बांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून राहिल्या, आणि पंक्चर निघेपर्यंत माझ्या शिक्षणाचा विषय निघत राहिला. तिसऱ्या दिवशी अब्बा ट्यूब पाण्यात बुडवून बराच वेळ पाहत बसले आणि संध्याकाळी अम्मीला म्हणाले, ‘बाई हवा खुद निकालती है. जाने दो लडकी को कॉलेज.’ अब्बा हसत होते. मी ब्रम्हपुरीला कॉलेजात गेले, पदवी घेऊन आले, आणि करून करून काय केलं तर त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात कॉमिक्स विकायला बसले. टायर एका बाजूला, कॉमिक्स एका बाजूला, मध्ये नायलॉनची दोरी.

दुकान मांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही आल्या. सायकल स्टँडला लावली. मी ओढणी सावरत उभी राहिले, जशी काही पुन्हा सातवीत. ‘यासाठी शिकली का व पोरी?’ एवढं म्हणालात, आणि मला वाटलं आता धरणी फाटावी. पण तुम्ही दोरीकडं पाहत होत्या. ‘ऊन लागते त्याले. रंग उडते. आत घे.’ आणि चिमटे काढून स्वतःच एकेक कॉमिक्स आत आणायला लागल्या. उभी ठेवायची नाही, आडवी ठेवायची. खाकी कागदात गुंडाळायची. मध्ये वेखंडाचा तुकडा, खाली निंबाचा वाळलेला पाला, आणि रॅकचे पाय रॉकेलच्या डब्यांत, नाहीतर आपल्याकडची उधई, तुमच्या शुद्ध मराठीतली वाळवी, चार महिन्यांत पानं चाळून टाकते. आज मोठमोठ्या शहरांतले संग्राहक मला विचारतात, तुमचा कागद पिवळा कसा पडत नाही? मी म्हणते, आमच्या बाईंची पद्धत आहे. त्यांना वाटतं, कुठला कोर्स असेल.

तुम्ही निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात मला राईस मिलच्या मागच्या तुमच्या खोल्यांत बोलावलं. स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, तव्यावरून एकेक आयता माझ्या ताटात टाकत राहिल्या. तांदळाचे पातळ, जाळीदार आयते, तसे मी नंतर कुठं खाल्ले नाहीत. कोंड्याचा वास खिडकीतून येत होता. हात धुतल्यावर तुम्ही पलंगाखालून ट्रंक ओढली. मला वाटलं, जुन्या साड्या असतील. आत कॉमिक्स. सगळ्या. आडव्या, खाकी कागदात, वेखंड घातलेल्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिरप्या टाचणीनं लावलेली चिठ्ठी. नाव, वर्ग, आणि खाली तुमच्या त्या वळणदार अक्षरात ‘वर्षअखेरीस परत’. इतक्या वर्षांची जप्ती, आणि एकाही पानाला सुरकुती नाही. माझ्या तीनही त्यात होत्या. ‘मी तं नेजो म्हनलं होतं,’ तुम्ही म्हणालात, ‘कोनी आलंच नाई. एवढी का वाईट होती व मी?’ मी फक्त ‘नाही’ अशी मान हलवली. बोलायला हवं होतं, बाई. तुम्ही वाईट नव्हत्या, आम्ही भित्रे होतो. मग तुम्ही म्हणालात, ‘तुह्याकडं सारे येतेत. ज्याची त्याले दे.’ मी हो म्हटलं आणि ट्रंक घरी आणली.

आणि दिल्या. खरंच दिल्या. धानोऱ्याला एक वनरक्षक झालाय, त्याला नेऊन दिली, तर तो वर्दीतच दारात खाली बसला आणि वाचायला लागला. एकीचं लग्न होऊन आता नातवाच्या पाळण्याची दोरी तिच्या हातात, तिनं भुताची कॉमिक्स पाहून आधी दार लोटलं, सासूनं पाहू नये म्हणून. पण एक गंमत सांगते. कॉमिक्स वाचून झाली की लोक ती पोरांना देऊन टाकायचे. चिठ्ठी मात्र ठेवायचे. कोणी पाकिटात, कोणी देवाच्या फोटोमागं. ‘बाईचं अक्षर आहे’ म्हणायचे. मीही माझ्या तिन्ही चिठ्ठ्या अब्बांच्या कपाटात ठेवल्या होत्या, आणि ज्या वर्षी दुकानात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी त्या कपाटातल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. कॉमिक्स वाचल्या, कारण त्या वरच्या फळीवर आडव्या होत्या.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. नागपूरला एका हॉलमध्ये जुन्या कॉमिक्सवाल्यांचा मेळा भरला होता, माझा पहिलाच. माझ्या टेबलावर लोक यायचे, बोटानं दोन-चार सरकवायचे आणि पुढं जायचे. शेजारच्या टेबलांवर गर्दी, प्लास्टिकच्या पाकिटातल्या कॉमिक्स, आणि ते सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. मला कोणी चहाही विचारला नाही. दुपारी एक सफारीवाले आले आणि हसून म्हणाले, ‘गावाकडचा माल म्हणजे फाटकाच असणार.’ माझं डोकं सणकलं. पिशवीत ती डाक बंगल्याची होती. मालकाचा पत्ता लागला नव्हता म्हणून सोबत होती, कदाचित नागपुरात कोणी गोंडपिपरीकडचा भेटेल म्हणून. मी टेबलाखाली हात घालून चिठ्ठीची टाचणी काढली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली, आणि कॉमिक्स त्यांच्यासमोर ठेवली. पाहता पाहता दहा माणसं जमली. न मोडलेला कणा, चकचकीत रंग. ‘कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं तेवढी आहेत,’ कोणीतरी म्हणालं. नंतर सगळ्यांनी मला चहा पाजला. पैशाची नड होती म्हटलं असतं तर तुम्ही समजून घेतलं असतं, पण नड नव्हती. मला मिरवायचं होतं. विकली मी ती.

आणि दोनच महिन्यांनी तो, खिडकीपाशी बसणारा, दुकानात उभा. डोक्याला गमछा, हाताशी लहान लेक. ‘बाईनं जप्त केलेल्या कॉमिक्स तू वाटून राह्यली म्हन्ते. माही कुठी आहे?’ मी म्हटलं, उधई लागली. इतक्या पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं. त्यानं गमछा सोडून खांद्यावर घेतला. मग विचारलं, ‘तू तं वाचली असशीन. खुनी कोन होता?’ आणि बाई, मला माहीत नव्हतं. उघडली तर कणा मोडेल, भाव उतरेल, म्हणून मी ती वाचलीच नव्हती. मी, जिनं भूगोलाच्या पुस्तकात लपवून कॉमिक्स वाचली, तिनं न वाचता विकली. मी माहीत नाही म्हटलं. तो लेकीचा हात धरून निघाला आणि जाता जाता म्हणाला, ‘जाऊ दे. उधईनं तरी वाचली असंन.’

त्या हिवाळ्यात तुम्ही आजारी होत्या. मी पेज घेऊन यायची. आवाज अगदी खोल गेला होता तुमचा, तरी विचारलंत, ‘दिल्या का सार्‍या?’ मी म्हटलं, ‘हो बाई, सार्‍या.’ तुम्ही डोळे मिटले आणि माझ्या हातावर थोपटलं, चांगलं उत्तर दिल्यावर पाठीवर थोपटायच्या तसं. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेल्या. ते थोपटणं मला इतकी वर्षं सलत राहिलं.

मग मी ती शोधायला लागले. मेळे वाढत गेले, मुंबई, दिल्ली, बंगलोर, आता तर पोरं चित्रविचित्र पोशाख घालून येतात, तुम्ही असत्या तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं. मी माझं टेबल मांडायची, विक्री करायची, आणि दुपारी शेजारणीला टेबलाकडं पाहायला सांगून बाकीची टेबलं फिरायची. पर्समध्ये तुमची चिठ्ठी. डाक बंगल्याची कॉमिक्स सात-आठ ठिकाणी सापडली. प्रत्येक वेळी कोपरा पाहायचा. कुठं भोकंच नाहीत, कुठं स्टेपलरची. लोकांना कोरी हवी असते, मी एकटी भोकंवाली मागायची. ‘आपा, काऊन खराब माल शोधता?’ असं आपल्याच चंद्रपूरचा एक विक्रेता चिडवायचा. या थंडीत मुंबईत एका म्हाताऱ्यांच्या टेबलावर ती दिसली. चिठ्ठी वर ठेवली. भोकावर भोक बसलं, गंजाच्या रेघेवर गंजाची रेघ बसली. त्यांना माझ्याकडची सगळ्यात दुर्मिळ देऊन ती घेतली. ते घाईघाईनं गुंडाळायला लागले, मी मन बदलीन म्हणून.

परवा गोंडपिपरीला गेले. कापूस वेचून झालेला, तो ओसरीत चुंगड्या, रिकामी पोती, शिवत होता. केस पांढरे झालेत. मी कॉमिक्स पुढं केली आणि सगळं सांगितलं, मेळा, मिरवणं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘म्हन्जे उधई तूच होती.’ मग हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि सरळ शेवटची चार पानं काढली. कणा कडकन मोडला. इतकं बरं वाटलं मला तो आवाज ऐकून. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो निवला, तरी हा वाचतोच आहे. ‘कोन निघाला?’ मी विचारलं. ‘खानसामा,’ तो म्हणाला, ‘मले सातवीतच वाटलं होतं.’ आणि एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग कोपऱ्यावरून बोट फिरवून म्हणाला, ‘बाईची चिठ्ठी असते म्हन्ते याले. कुठी आहे?’

हरवली म्हटलं मी. मेळ्यात कुठंतरी पडली असंल. तो म्हणाला, ‘असू दे, खुनी तं भेटला.’

पर्स माझ्या मांडीवरच होती, बाई. चिठ्ठी तिच्यात होती. बाकी सगळ्यांकडं तुमचं अक्षर आहे, माझ्याकडचं पाण्यात गेलं, आणि ही एकच उरली आहे. या कागदाला ती तिरपी टाचून ठेवली आहे आणि दोन्ही आता तुमच्या ट्रंकेत जातील. द्यायची आहे मला, खोटं नाही बोलत. त्यावर तुम्हीच लिहून ठेवलंय, वर्षअखेरीस परत. कोणत्या वर्षाच्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही.